पोस्टग्रेसचा सर्व्हर अडला की आधी काय बघायचं: नव्या डीबीएसाठी (डेटाबेस सांभाळणाऱ्यासाठी)

"डेटाबेस हँग झालाय" असा निरोप आला की नवख्या माणसाचा हात आधी रीस्टार्टकडे जातो. तो आवरा. रीस्टार्ट केलं की कोणतं सेशन कोणाला अडवत होतं, कोणती क्वेरी किती वेळ चालली होती, हा सगळा पुरावा पुसला जातो. मेमरीतला कॅश रिकामा होतो, त्यामुळे सर्व्हर वर आल्यावरही काही काळ सगळं आणखी संथ चालतं. आणि दोष ॲप्लिकेशनमध्ये असेल, तर ते पुन्हा जोडलं जाताच तीच कोंडी परत होते. या कामात मोठं नुकसान मूळ बिघाडापेक्षा घाईत केलेल्या उपायाने जास्त होतं, म्हणून प्रत्येक पायरीवर आधी बघायचं आणि मगच हात लावायचा.

पुढचं सगळं लिनक्सवर चालणाऱ्या पोस्टग्रेस १४ किंवा त्यापुढच्या आवृत्तीला धरून आहे. सेटिंग आणि व्ह्यूंची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर टाकताना मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरा.

पहिली पाच मिनिटं

क्रम ठरलेला ठेवा, म्हणजे घाबरगुंडीत काही सुटत नाही.

१. डिस्क बघा. "डीएफ -एच" ही कमांड द्या. डेटा डिरेक्टरी, पीजी_वॉल (प्रत्येक बदल आधी ज्यांत नोंदला जातो त्या "वॉल" फाइलींचं फोल्डर) आणि लॉग वेगवेगळ्या व्हॉल्यूमवर असू शकतात, तेव्हा तिन्हींचे आकडे वाचा. जागा दिसत असूनही फाइल तयार होत नसेल तर "डीएफ -आय" देऊन आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का ते पाहा.

२. सर्व्हरच्या लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी वाचा. "पॅनिक" आणि "फेटल" हे शब्द आधी शोधा. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस", "टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी" आणि "टर्मिनेटेड बाय सिग्नल ९" या तीन संदेशांपैकी एक जरी सापडला तरी निम्मं निदान झालं.

३. पीएसक्यूएलने (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइन क्लायंटने) सुपरयूजर म्हणून आत शिरा. कनेक्शनची मर्यादा भरली तरी तीन जागा सुपरयूजरसाठी राखीव असतात. मात्र ॲप्लिकेशनच सुपरयूजरच्या खात्याने जोडलं असेल तर त्या तीनही तेच खातं आणि तुम्ही बाहेर राहता. ॲप्लिकेशनला साधा यूजर द्यावा याचं हे अगदी व्यवहारी कारण आहे.

४. आत शिरल्यावर ही क्वेरी चालवा:

सिलेक्ट पीआयडी, स्टेट, वेट_इव्हेंट_टाइप, नाऊ() - एक्सएसीटी_स्टार्ट, पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज(पीआयडी), लेफ्ट(क्वेरी, ८०) फ्रॉम पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी व्हेअर स्टेट <> 'आयडल' ऑर्डर बाय एक्सएसीटी_स्टार्ट;

निकाल एका फाइलमध्ये साठवून ठेवा. नंतर कारण शोधताना हीच नोंद कामी येते. वाचताना एक चूक बहुतेक सगळ्यांकडून होते: क्वेरीच्या रकान्यात दिसतं ते सध्या चालू असेलच असं नाही. स्टेट "ॲक्टिव्ह" असेल तरच ती क्वेरी आत्ता चालली आहे. "आयडल इन ट्रान्झॅक्शन" असेल तर ती त्या सेशनची शेवटची क्वेरी, आणि ती कधीच संपलेली आहे.

लॉकची कोंडी

सीपीयू निवांत आहे, डिस्कवर ताण नाही, तरीही ॲप्लिकेशन अडलंय, असं असेल तर जवळजवळ नक्की लॉक असतो. वरच्या क्वेरीचा निकाल समजा असा आला:

४१२१, आयडल इन ट्रान्झॅक्शन, ३८ मिनिटं, कोणी अडवलेलं नाही, शेवटची क्वेरी ग्राहक टेबलवरचं सिलेक्ट.
४३८८, ॲक्टिव्ह, लॉकसाठी थांबलेलं, ४ मिनिटं, ४१२१ ने अडवलेलं, ग्राहक टेबलवर ऑल्टर टेबल.
४४०२ पासून पुढची साठेक सेशन्स, ॲक्टिव्ह, लॉकसाठी थांबलेली, ४३८८ ने अडवलेली, सगळी साधी सिलेक्ट.

इथे काय झालंय ते नीट समजून घ्या, कारण हाच प्रकार पुन्हा पुन्हा समोर येतो. ४१२१ ने ट्रान्झॅक्शन उघडलं, एक सिलेक्ट केलं आणि कमिट न करता ते गप्प बसलं. त्या सिलेक्टने टेबलवर "ॲक्सेस शेअर" हा सगळ्यात सौम्य लॉक घेतला, आणि तो ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. ऑल्टर टेबलला "ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह" हवा असतो, म्हणून ते थांबलं. लॉकसाठी रांग लागते, त्यामुळे मागून आलेल्या सिलेक्ट या खरं तर ४१२१ बरोबर सुखाने चालू शकल्या असत्या, पण त्या रांगेत ऑल्टरच्या मागे अडकल्या. एका निष्क्रिय सेशनने आणि एका क्षणाच्या ऑल्टरने मिळून सगळं दुकान बंद पाडलं.

आता कोणाला काढायचं? बरेच जण सरळ ४१२१ मारतात. आधी ४३८८ रद्द करा, हे जास्त सुरक्षित आहे. पीजी_कॅन्सल_बॅकएंड(४३८८) देताच रांग मोकळी होते, ऑल्टरचं काही बिघडत नाही, ते नंतर पुन्हा चालवता येतं. मग शांतपणे ४१२१ कोणाचं आहे ते क्लायंटचा पत्ता आणि ॲप्लिकेशनचं नाव या रकान्यांवरून शोधा. त्या ट्रान्झॅक्शनमध्ये आधी काही लिहिलं गेलेलं असू शकतं, आणि सेशन तोडलं तर ते मागे फिरेल. मालकाला विचारून मगच पीजी_टर्मिनेट_बॅकएंड(४१२१) द्या. इथे कॅन्सल चालत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नाही.

ऑपरेटिंग सिस्टीमवरून "किल -९" कधीही देऊ नका. एक बॅकएंड (एका सेशनची प्रोसेस) असा मेला की मुख्य प्रोसेसला सामायिक मेमरी बिघडली असेल असं धरावं लागतं, म्हणून ती बाकीची सगळी सेशन्स तोडते आणि क्रॅश रिकव्हरी सुरू करते. एका यूजरचा त्रास मग सगळ्यांचा होतो.

हे पुन्हा होऊ नये म्हणून दोन गोष्टी लगेच करा. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो ५ मिनिटांवर ठेवा. आणि टेबलची रचना बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला लॉक_टाइमआउट ३ सेकंद लावा. लॉक मिळाला नाही तर स्क्रिप्ट स्वतःच माघार घेईल. थोड्या वेळाने पुन्हा चालवा. लॉग_लॉक_वेट्स चालू ठेवलं की डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे मुळात एका सेकंदापेक्षा, जास्त थांबलेल्या प्रत्येक लॉकची लॉगमध्ये नोंद होते.

चालू टेबलवर इंडेक्स बनवताना "क्रिएट इंडेक्स कॉनकरंटली" वापरा. साधं क्रिएट इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं लिखाण थांबवून धरतं. कॉनकरंटली ट्रान्झॅक्शन ब्लॉकच्या आत चालत नाही, आणि मध्येच फसलं तर "इनव्हॅलिड" इंडेक्स मागे ठेवून जातं. असा इंडेक्स क्वेरीच्या काही कामाचा नसतो, पण प्रत्येक इन्सर्टवर त्याची किंमत मोजावी लागते. तो काढून टाका आणि पुन्हा बनवा.

डिस्क भरली

डेटाची डिस्क भरली तर लिहिणाऱ्या क्वेरी चुका देऊ लागतात. पीजी_वॉल ज्या डिस्कवर आहे ती भरली तर सर्व्हर पॅनिक देऊन खाली बसतो. मग नवखा माणूस त्या फोल्डरमध्ये शिरतो, १६ एमबीच्या शेकडो फाइली पाहतो, आणि जुन्या दिसणाऱ्या पुसायला घेतो. त्या फाइली पुसू नका. क्रॅशनंतर डेटा सुसंगत स्थितीत आणायला त्याच लागतात. त्या गेल्या तर सर्व्हर उठत नाही. आवृत्ती ९.६ पर्यंत या फोल्डरच्या नावात "लॉग" असा शब्द होता आणि लोक साधे लॉग समजून तो रिकामा करत, म्हणून २०१७ मध्ये आलेल्या आवृत्ती १० मध्ये नावच बदलावं लागलं.

आधी थोडी जागा मिळवा. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे व्हॉल्यूम वाढवणं. ते लगेच जमत नसेल तर सर्व्हरचे जुने मजकुरी लॉग, कोर फाइली, कोणीतरी त्याच डिस्कवर टाकून ठेवलेले डंप हलवा. यासाठी आधीच एक सोय करून ठेवा: "फॅलोकेट" वापरून पीजी_वॉलच्या व्हॉल्यूमवर ४ जीबीची एक रिकामी फाइल तयार ठेवायची. अडचणीच्या वेळी ती पुसली की सर्व्हर उठण्यापुरती जागा हातात असते.

सर्व्हर उठला की फाइली का साठल्या ते शोधा. कारणं मोजकी आहेत.

पहिलं, सोडून दिलेला रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे स्टँडबायने (मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत) कुठपर्यंतच्या फाइली घेतल्या याची नोंद. पीजी_रेप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये ॲक्टिव्ह रकाना "एफ" असलेली ओळ बघा. बंद पडलेल्या स्टँडबायसाठी किंवा कोणीतरी चाचणीसाठी बनवलेल्या स्लॉटसाठी सर्व्हर प्रत्येक फाइल राखून ठेवतो, कितीही दिवस. तो स्टँडबाय आता नकोच असेल तर पीजी_ड्रॉप_रेप्लिकेशन_स्लॉट द्या, आणि मग "चेकपॉइंट" द्या म्हणजे जागा सुटेल. स्टँडबाय हवा असेल तर मात्र स्लॉट काढल्यावर तो बहुधा नव्याने उभारावा लागेल हे धरून चला. पुढच्यासाठी मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ ला मर्यादा घाला. मुळात ती उणे एक, म्हणजे अमर्याद असते. ५० जीबीची जागा असेल तर २० ते २५ जीबी ठीक.

दुसरं, आर्काइव्ह_कमांड (वॉल फाइली बॅकअपच्या जागी नेणारी कमांड) फसत असणं. पीजी_स्टॅट_आर्काइव्हर मध्ये फेल्ड_काउंट वाढतोय का बघा. बॅकअपची डिस्क भरली, परवानगी बदलली किंवा पासवर्ड संपला की आर्काइव्ह थांबतं आणि फाइली मुख्य सर्व्हरवर साठत जातात. कमांड दुरुस्त केली की सर्व्हर आपोआप मागचं सगळं उपसतो.

डेटाचीच जागा भरली असेल तर लक्षात ठेवा: डिलीटने डिस्क मोकळी होत नाही. पुसलेल्या ओळींची जागा व्हॅक्यूमनंतर (मेलेल्या ओळींच्या साफसफाईनंतर) त्याच टेबलमध्ये पुन्हा वापरली जाते, पण ऑपरेटिंग सिस्टीमला सहसा परत मिळत नाही. "व्हॅक्यूम फुल" ती परत देतं, पण त्यासाठी ते टेबलची नवी प्रत लिहितं, म्हणजे टेबलमधल्या जिवंत डेटाएवढी जागा आधी मोकळी लागते, आणि काम संपेपर्यंत टेबल वाचतासुद्धा येत नाही. भरलेल्या डिस्कवर हा उपाय म्हणून कामाचाच नाही. जुना डेटा दर महिन्याला काढायचा असेल तर टेबलचं तारखेनुसार पार्टिशनिंग करा. अख्खं पार्टिशन ड्रॉप केलं की जागा तत्काळ मिळते.

क्वेरी संथ आहे, पण कोणती?

"रिपोर्ट उघडायला वेळ लागतो" या तक्रारीवरून काम सुरू करू नका, मोजमाप घ्या. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज मध्ये घालावं लागतं आणि त्यासाठी एकदा रीस्टार्ट लागतो, म्हणून नवा सर्व्हर उभारतानाच ते लावून ठेवा. निकाल टोटल_एक्झेक_टाइम नुसार उतरत्या क्रमाने लावा. सरासरी वेळेवर गेलात तर फसगत होते: दिवसातून एकदा ९ सेकंद घेणारा रिपोर्ट सगळ्यांच्या डोळ्यांत येतो, पण ४० मिलिसेकंदांची क्वेरी दिवसात २ लाख वेळा चालत असेल तर ती ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तासांच्या आसपास सर्व्हर खाते. ती ४ मिलिसेकंदांवर आणली तर त्या दिवशी सगळंच हलकं चालतं.

क्वेरी सापडली की "एक्सप्लेन" ला ॲनालाइझ आणि बफर्स हे पर्याय लावून चालवा. हे क्वेरी खरोखर चालवतं. अपडेट किंवा डिलीट तपासताना आधी "बिगिन" आणि शेवटी "रोलबॅक" द्या, नाहीतर डेटा बदलून बसेल.

प्लॅन आतून बाहेर वाचा आणि प्रत्येक पायरीवर अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करा. अंदाज १० आणि प्रत्यक्ष ३ लाख अशी तफावत जिथे पहिल्यांदा दिसते, दोष तिथे आहे. वरच्या पायऱ्या त्याचे परिणाम भोगत असतात. नेस्टेड लूपमध्ये प्रत्यक्ष ओळींचा आकडा एका फेरीची सरासरी असतो, तो "लूप्स" ने गुणायला विसरू नका. मग आधी त्या टेबलवर "ॲनालाइझ" चालवा. मोठा डेटा एकगठ्ठा भरल्यावर आकडेवारी जुनीच राहिल्याने प्लॅन बिघडणं ही फार नेहमीची गोष्ट आहे, आणि काही सेकंदांच्या कमांडने ती सुटते.

इंडेक्स असून वापरला जात नसेल तर व्हेअर मध्ये रकान्यावर फंक्शन लावलंय का बघा. तारखेचा इंडेक्स आहे आणि क्वेरी त्या रकान्याला डेट() मध्ये गुंडाळते, तर इंडेक्स बाजूला पडतो. त्याऐवजी "या दिवसाच्या सुरुवातीपासून पुढच्या दिवसाच्या सुरुवातीच्या आधीपर्यंत" अशी मर्यादा द्या. एसएसडी असेल तर रँडम_पेज_कॉस्ट हे मूळच्या ४ वरून १.१ करा; मूळ आकडा फिरत्या डिस्कचा आहे. आणि सीक्वेन्शियल स्कॅन दिसला म्हणून दचकू नका. टेबलच्या निम्म्या ओळी लागत असतील तर तोच सगळ्यात स्वस्त मार्ग असतो.

ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका

पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ जागेवर ठेवून नवी लिहितो. जुन्या मेलेल्या ओळी ऑटोव्हॅक्यूम साफ करतो. दुपारी तो डिस्क वापरताना दिसला म्हणून बंद करणारे लोक आहेत. पुढे टेबल फुगत जातं आणि तीच क्वेरी दुप्पट-तिप्पट पानं वाचू लागते.

खरी अडचण उलटी असते: मोठ्या टेबलवर तो फार उशिरा येतो. मूळ नियम असा की ५० अधिक टेबलच्या २० टक्के ओळी मेल्या की साफसफाई सुरू. ५ कोटी ओळींच्या टेबलला १ कोटी मेलेल्या ओळी साठेपर्यंत कोणी विचारत नाही. अशा टेबलपुरतं ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर ०.०१ करा, म्हणजे ५ लाखांवर काम सुरू होईल, वारंवार पण थोडं थोडं. पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्स मध्ये एन_डेड_टप आणि लास्ट_ऑटोव्हॅक्यूम बघत राहा. व्हॅक्यूम चालूनही मेलेल्या ओळी कमी होत नसतील तर कुठेतरी जुनं ट्रान्झॅक्शन उघडं आहे किंवा सोडलेला स्लॉट आहे. वर भेटलेला ४१२१ इथेही त्रास देतो.

व्हॅक्यूमचं दुसरं काम जास्त गंभीर आहे. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा असतो, आणि कोणत्याही क्षणी मागचे सुमारे २०० कोटी क्रमांकच "जुने" म्हणून ओळखता येतात. व्हॅक्यूम जुन्या ओळी "फ्रीझ" करत (कायमच्या जुन्या ठरवत) राहिला नाही तर सर्व्हर डेटा वाचवण्यासाठी नवी लिखाणं नाकारतो. मँड्रिल या ईमेल सेवेला फेब्रुवारी २०१९ मध्ये नेमक्या याच कारणाने दीर्घ खंड सोसावा लागला. पीजी_डेटाबेस मधून एज(डॅटफ्रोझनएक्सआयडी) रोज मोजा. २० कोटींच्या आसपास सर्व्हर स्वतःहून सक्तीचा व्हॅक्यूम सुरू करतो, ते नेहमीचं आहे. ५० कोटींच्या पुढे गेलं तर काहीतरी अडलंय असं समजून शोध घ्या.

मेमरी आणि कनेक्शन

केवळ डेटाबेससाठी असलेल्या १६ जीबीच्या सर्व्हरला सुरुवातीसाठी हे आकडे पुरेसे आहेत: शेअर्ड_बफर्स ४ जीबी, इफेक्टिव्ह_कॅश_साइझ १२ जीबी, मेंटेनन्स_वर्क_मेम ५१२ एमबी, वर्क_मेम १६ एमबी. शेवटच्या आकड्याशी जपून. तो सर्व्हरचा नाही, सेशनचाही नाही. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशचा आहे. १०० सेशन्स, प्रत्येकी तीन सॉर्ट आणि ६४ एमबी धरलं तर १९ जीबी होतात. मेमरी संपली की लिनक्स एखादी प्रोसेस सिग्नल ९ ने मारतो, आणि त्याचे परिणाम "किल -९" सारखेच. एखाद्या रात्रीच्या रिपोर्टला जास्त लागत असेल तर त्याच सेशनमध्ये सेट करून द्या.

"टू मेनी क्लायंट्स" आलं की मॅक्स_कनेक्शन्स १०० वरून १००० करणं हा मोह टाळा. प्रत्येक कनेक्शन ही वेगळी प्रोसेस असते, आणि आठ कोअरच्या सर्व्हरवर एका वेळी शेकडो चालू क्वेरी एकमेकींना अडवतातच. मध्ये पीजीबाउन्सर (थोडी कनेक्शन्स अनेकांत वाटून देणारा प्रोग्राम) बसवा, पूल ट्रान्झॅक्शन मोडमध्ये २० ते ३० चा ठेवा. या मोडमध्ये सेशनभर टिकणाऱ्या गोष्टी, म्हणजे सेशनपुरतं सेट, लिसन आणि सेशनचे ॲडव्हायझरी लॉक, भरवशाच्या राहत नाहीत. हे डेव्हलपरला आधी सांगा.

बॅकअप

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये (कोड साठवण्याची सेवा) रेप्लिकेशन दुरुस्त करताना मुख्य सर्व्हरची डेटा डिरेक्टरी चुकून पुसली गेली. पीजी_डंपचा बॅकअप घ्यायला गेले तर तो होतच नव्हता: सर्व्हर ९.६ चा आणि डंप घेणारी कमांड ९.२ ची, त्यामुळे प्रत्येक वेळी ती चूक देऊन थांबत होती. त्या चुकांचे ईमेल मेल सर्व्हरने नाकारले होते, म्हणून कोणाला कळलं नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट होता, त्यावरून सगळं उभं केलं. त्यांनी हे सगळं उघडपणे प्रसिद्ध केलं, आणि त्यातली प्रत्येक चूक तुमच्याकडे आत्ता असू शकते, म्हणून आजच तपासा.

छोट्या डेटाबेससाठी रोज रात्री पीजी_डंप कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या. त्यात यूजर आणि रोल येत नाहीत; ते "पीजी_डंपऑल" ग्लोबल्स-ओन्ली पर्यायाने वेगळे घ्या. डंपची कमांड सर्व्हरच्या आवृत्तीची किंवा त्याहून नवी हवी. डेटा शंभर-दोनशे जीबीच्या पुढे गेला, किंवा दिवसभराचं काम गमावणं परवडत नसेल, तर पीजी_बेसबॅकअप आणि वॉलचं सतत आर्काइव्ह यांची जोडी लावा. त्यातून "दुपारी २ वाजून १० मिनिटांपर्यंतची स्थिती" परत आणता येते. स्टँडबाय असला तरी हे लागतंच. चुकीचं ड्रॉप टेबल स्टँडबायवर क्षणात पोचतं.

महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या मशीनवर खरोखर उतरवा. रिकामा डेटाबेस बनवा, आधी रोल घाला, मग पीजी_रिस्टोअर चार जॉबने आणि एक्झिट-ऑन-एरर लावून चालवा. लागलेला वेळ लिहून ठेवा, कारण "किती वेळात सुरू होईल?" या प्रश्नाचं खरं उत्तर तोच आकडा आहे. मग तीन-चार महत्त्वाच्या टेबलांच्या ओळी मोजा, सगळ्यात ताज्या नोंदीची तारीख बघा, आणि ॲप्लिकेशन त्या प्रतीला जोडून एकदा लॉगिन करा. बॅकअपची एक प्रत त्या इमारतीबाहेर आणि वेगळ्या खात्याखाली हवी. मुख्य सर्व्हरचा पासवर्ड हाती लागलेल्याला बॅकअपही पुसता येऊ नये.

मराठी मजकूर साठवताना

डेटाबेस यूटीएफ८ मध्ये बनवा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत हीही वेगळी चिन्हं मोजली जातात. साध्या बी-ट्री इंडेक्सच्या एका नोंदीची मर्यादा २,७०४ बाइट आहे, म्हणून पत्ता किंवा शेरा अशा लांब रकान्यावर इंडेक्स घातला तर नऊशे चिन्हांच्या आसपास एखादं इन्सर्ट अचानक चूक देऊ शकतं. तिथे पूर्ण मजकूर शोध किंवा ट्रायग्रॅम (तीन-तीन अक्षरांच्या तुकड्यांचा) इंडेक्स वापरा.

शोध लागत नाही ही तक्रार जास्त येते. "दुसऱ्या" हा शब्द तीन प्रकारे साठू शकतो: "ऱ" हे एकच चिन्ह वापरून, "र" आणि नुक्ता अशी दोन वापरून, किंवा "र", हलंत आणि न दिसणारा जोडक (झिरो विड्थ जॉइनर) वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, डेटाबेसला तीन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिक इंडेक्सही तिघांना आत घेतो. आवृत्ती १३ पासूनचं नॉर्मलाइझ() फंक्शन पहिले दोन प्रकार एक करतं. तिसरा तसाच राहतो. तो मजकूर आत घेतानाच रीप्लेस करून "ऱ" आणि हलंत यांत बदलावा लागतो. हे काम ट्रिगरमध्ये किंवा ॲप्लिकेशनच्या एकाच ठिकाणी करा, आणि शोधाच्या शब्दावरही तेच लावा.

मराठी यादी अकारविल्हे लावायची असेल तर ऑर्डर बाय पुढे "एमआर-एक्स-आयसीयू" हे कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) द्या. "सी" कोलेशन वेगवान आहे, पण ते नुसत्या बाइटच्या क्रमाने लावतं.

कोलेशनचा धोका ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना उघड होतो. २०१८ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ ने अनेक भाषांचे क्रम बदलले. जुन्या डेबियन किंवा रेडहॅटवरून नव्यावर डेटा डिरेक्टरी तशीच उचलून नेली की मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, असा घोळ होतो: असलेली ओळ सापडत नाही, युनिक असूनही दुबार नोंद घुसते. स्टँडबाय वेगळ्या आवृत्तीच्या लिनक्सवर असेल तरी हेच. अशा बदलानंतर मजकुराच्या रकान्यांचे सगळे इंडेक्स "रीइंडेक्स" करा, आणि त्याआधी ॲमचेक एक्स्टेन्शनने कोणते बिघडलेत ते तपासा.

पोस्टग्रेसचीच आवृत्ती बदलणं त्यामानाने सरळ आहे. १६.३ वरून १६.४ असा छोटा बदल म्हणजे पॅकेज अपडेट आणि एक रीस्टार्ट; सोबतच्या टिपा वाचा आणि तो लांबवू नका. अशा दुरुस्त्या साधारणपणे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात, आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं मिळतात. मोठा बदल पीजी_अपग्रेडने करा: आधी चेक पर्याय लावून कोरडी चाचणी, मग प्रतीवर पूर्ण तालीम, मगच खऱ्या सर्व्हरवर. लिंक पर्याय वापरलात तर नवा सर्व्हर एकदा सुरू झाल्यावर जुन्याकडे परतता येत नाही, म्हणून त्याआधी बॅकअप हवाच. आवृत्ती १७ पर्यंत अपग्रेडमध्ये टेबलांची आकडेवारी सोबत येत नसे. १८ पासून बहुतेक येते. १७ किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर जात असाल तर सर्व्हर वर येताच "व्हॅक्यूमडीबी" ॲनालाइझ-इन-स्टेजेस पर्यायाने चालवा आणि ते संपल्यावरच ॲप्लिकेशन सोडा.